कृत्रिम श्वास आणि रुग्णाचें पोट

घरांतील कोणी अत्यवस्थ होऊन त्यास अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवर ठेवावें लागलें, म्हणजे साऱ्या कुटुंबाचे डोळे त्या यंत्राच्या पडद्यावर खिळून राहतात. प्राणवायु किती, नाडी किती, रक्तदाब किती, हे आंकडे लहान मुलांच्यासुद्धां तोंडपाठ होतात. पोटाची चौकशी करतात त्या बहुधा घरांतील वडील स्त्रियाच. "पोटांत कांहीं गेलें का?" हा त्यांचा प्रश्न आम्हांस पूर्वीं भाबडा वाटत असे. गेल्या वर्षीं सोलापुरास एका रुग्णालयाच्या बांकावर पंधरा दिवस काढल्यापासून तो तसा वाटेनासा झाला आहे.

आमच्या चुलत्यांस न्युमोनिया होऊन कृत्रिम श्वासाची पाळी आली. चौथ्या दिवशीं त्यांचें पोट नगाऱ्यासारखें ताणलें. त्याच दिवशीं आमच्या आत्याबाई पंढरपुराहून चंद्रभागेचें तीर्थ घेऊन आल्या. भेटीच्या वेळीं त्यांनीं कुपी उघडून चमचा भावाच्या ओठांशीं नेला, तोंच परिचारिकेनें त्यांचा हात हलकेच धरला. "आजी, हें पाणी पोटांत नाहीं जायचें, छातींत उतरेल." आत्याबाई रागावल्या. मरणाच्या दारांतल्या माणसास तीर्थहि वर्ज्य का, असें त्या बाहेर येऊन आम्हांस विचारूं लागल्या. उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें आम्हीं डॉक्टरांकडून समजावून घेतलें.

यंत्राची नळी तोंडावाटे श्वासनलिकेंत जाते. नळीभोंवतीं एक लहानसा फुगा असतो, तो वाट बंद करतो. पण ती पूर्णपणें बंद होत नाहीं. तोंडांतील लाळ, पाणी, पोटांतून वर आलेलें अन्न, सारें त्या फुग्यावर सांचतें आणि थेंबाथेंबानें फुफ्फुसांत झिरपतें. औषधांनीं गुंगलेल्या रुग्णास गिळतांहि येत नाहीं. म्हणून अन्न द्यावयाचें तें नाकांतून जठरापर्यंत घातलेल्या बारीक नळीनें. तिला आपल्याकडे सर्रास 'रायल्स ट्यूब' म्हणतात. रायल ह्या इंग्रज वैद्यानें ती १९२१ सालीं प्रचारांत आणली. खाटेचें डोकें तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवतात, तेंहि ह्याच कारणानें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका प्रयोगांत ८६ रुग्णांची पाहणी झाली. उताणें निजविलेल्यांपैकीं शेंकडा ३४ जणांस न्युमोनियाची शंका आली, तर डोकें उंच ठेवलेल्यांत हेंच प्रमाण शेंकडा ८ निघालें. पाठ दुखत असेल म्हणून खाट सपाट करावयास सांगणारे आप्त आम्हीं पाहिले आहेत. आम्हीहि त्यांतलेच!

पण पोट फुगतें कां? आजारी माणसाचें जठर निरोग्याच्या जठरासारखें वागत नाहीं, हें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें तें अमेरिकेंतील ब्युमाँट नांवाच्या लष्करी डॉक्टरानें. १८२२ सालीं सेंट मार्टिन ह्या तरुणास बंदुकीची गोळी लागली. तो वांचला, परंतु जठराला पडलेलें छिद्र बुजलें नाहीं. ब्युमाँटनें त्या छिद्रांतून रेशमी दोऱ्यास बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडून, बाहेर काढून, वर्षानुवर्षें निरीक्षणें केलीं आणि १८३३ सालीं तीं ग्रंथरूपानें छापलीं. ताप आला कीं जठराचें अस्तर लाल व कोरडें पडतें, पाचकरस स्रवेनासा होतो, आणि रागानेंहि तसेंच घडतें, असें त्यास दिसून आलें. बिचारा सेंट मार्टिन ह्या प्रयोगांना किती कंटाळला असेल, तें निराळें.

अतिदक्षता विभागांत ह्यावर आणखी भर पडते. नळी सहन व्हावी म्हणून देतात त्या औषधांपैकीं बरींच अफूच्या जातीचीं. आणि अफूनें आंतडें बांधलें जातें हें आमच्या आजीबाईच्या बटव्यासहि ठाऊक होतें. यंत्र छातींत दाबानें हवा भरतें, त्यामुळें हृदयाकडे परतणारें रक्त कमी होतें. मेंदू व हृदय जगविण्यासाठीं शरीर प्रथम आंतड्यांच्या वांट्याचें रक्त काढून घेतें. रक्तांतील पोटॅशियम उतरलें तर आंतड्यांची हालचालहि मंदावते. मग अन्न जठरांतच तुंबतें, वायु सरत नाहीं, पोट फुगतें. पोट आणि छाती ह्यांच्यामध्यें आडोसा काय तो एका पडद्याचा! फुगलेलें पोट तो पडदा वर ढकलतें, फुफ्फुसें दबतात, आणि यंत्रास अधिक जोर करावा लागतो. पोटांतील दाब मूत्राशयांतील नळीवाटे मोजतां येतो. अशा रुग्णांत तो सामान्यतः पाराच्या ५ ते ७ मिलिमीटर असतो. १२ च्या वर गेल्यास चिंता, आणि २० च्या वर जाऊन एखादें इंद्रिय निकामी होऊं लागलें तर क्वचित् शस्त्रक्रियेनें पोट उघडून मोकळें करावें लागतें.

दुसरें भय रक्तस्रावाचें. मोठें भाजल्यानंतर आंतड्यांत व्रण पडतात हें कर्लिंगनें १८४२ सालीं, आणि मेंदूच्या विकारांतहि तसें होतें हें कुशिंगनें १९३२ सालीं दाखविलें. १९९४ मध्यें कॅनडांतील डॉ. डेबोरा कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २,२५२ रुग्णांची पाहणी केली, तेव्हां दोन कारणें ठळक निघालीं: रक्त गोठण्यांतील दोष, आणि ४८ तासांहून अधिक चाललेला कृत्रिम श्वास. त्याच विदुषींनीं २०२४ सालीं ४,८२१ रुग्णांवरील प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. आम्ल कमी करणारें पॅन्टोप्रॅझोल दिलेल्यांत गंभीर रक्तस्राव शेंकडा १, न दिलेल्यांत ३.५, परंतु मृत्यूच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं. म्हणजे औषध उपयोगी खरें, पण आपत्काळापुरतें. घरीं आल्यावर ही गोळी कोणी न सांगतां महिनेच्या महिने चालूं राहते. ती केव्हां थांबवावयाची, हें घरीं निघतांना डॉक्टरांस अवश्य विचारावें.

आतां आत्याबाईंचा मूळ प्रश्न. उपाशी ठेवणें हितकारक नाहीं, हें वैद्यकासहि मान्य आहे. रिकाम्या आंतड्याचें अस्तर झिजतें, म्हणून शक्य तर पहिल्या २४ ते ४८ तासांत नळीनें थोडथोडें अन्न सुरू करतात. पण रक्तदाब औषधांच्या टेंकूवर उभा असेल, तर रक्त न पोंचणाऱ्या आंतड्यावर पुऱ्या जेवणाचा भार टाकल्यानें तें काळें पडण्याचें भय असतें. तसेंच जो आधींपासूनच अनेक दिवस उपाशी आहे, त्यास एकदम भरपूर दिल्यास रक्तांतील फॉस्फेट झपाट्यानें उतरून हृदयहि दगा देऊं शकतें. "अजून दूध कां देत नाहीं?" म्हणून परिचारिकेवर तुटून पडण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असलेलें बरें.

काकांच्या बाबतींत आंतड्यास अडथळा नाहीं असें तपासणींत ठरलें. गुंगीचीं औषधें उतरविलीं, पोटॅशियम भरून काढलें, बस्ति दिला. सहाव्या दिवशीं वायु सरला. ही वार्ता ऐकून आत्याबाईंनीं बांकावर बसल्याबसल्या हात जोडले. प्राणवायूच्या कोणत्याहि आंकड्यानें त्यांस इतका आनंद झाला नव्हता. नवव्या दिवशीं नळी निघाली. तरी पाणी लगेच मिळालें नाहीं, कारण नळी निघाल्यावरहि गिळण्याची क्रिया कांहीं काळ चुकते. तिची परीक्षा होऊन अकराव्या दिवशीं भाताची मऊ पेज चमच्यानें दिली. तीर्थाची कुपी आत्याबाईंच्या पिशवींत तशीच होती. नदीचें न उकळलेलें पाणी पाजावयास डॉक्टरांनीं नकार दिला, परंतु काकांच्या कपाळास लावण्यास मोकळीक दिली. आणि ज्या परिचारिकेनें हात धरला होता, तिनेंच ती कुपी उघडून आत्याबाईंच्या हातीं दिली.