फंड शांत बसला तरी शुल्क थांबत नाही

१९३५ साली अमेरिकेत ‘कॉर्पोरेट लीडर्स ट्रस्ट’ नावाचा फंड सुरू झाला. तीस मोठ्या कंपन्यांचे सारख्या संख्येने शेअर घ्यायचे आणि धरून ठेवायचे, हा त्याचा नियम. नवी कंपनी निवडून घ्यायची नाही. विलीनीकरणातून किंवा विभाजनातून जे पदरात पडेल तेवढंच. पुढे त्याला ‘व्होया’ हे नाव लागलं. शेअर निवडणारं कुणी नसलेल्या या फंडाचा वार्षिक खर्च मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहिला आहे. तिथले स्वस्त इंडेक्स फंड याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी घेतात. आपल्याकडेही ‘घ्या आणि विसरा’ म्हणणाऱ्या फंडांबद्दल बोलताना शुल्काचा विषय मागे पडतो, आणि तिथेच गैरसमज साचतात.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज असा, की फंड उलाढाल कमी करतो म्हणजे त्याचा खर्चही कमी असणार. खरं तर हे दोन वेगळे खर्च आहेत. एक्स्पेन्स रेशोमध्ये फंड व्यवस्थापनाचं शुल्क, रजिस्ट्रार, कस्टोडियन आणि रेग्युलर प्लॅन असेल तर वितरकाचं कमिशन येतं. तो एकूण मालमत्तेवर रोज थोडाथोडा कापला जातो. त्या दिवशी फंडाने एकही शेअर विकला नसला तरी. फंडाच्या खरेदी-विक्रीवरची दलाली आणि एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) यांचा भार वेगळा पडतो. तो मुख्यतः शेअरच्या खरेदी-विक्रीच्या भावात मिसळून जातो आणि एनएव्ही, म्हणजे युनिटची किंमत, तेवढी खाली राहते. कमी उलाढालीने वाचतो तो हा दुसरा खर्च.

तो किती वाचतो? शेअरची डिलिव्हरी घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी लागतो. वर्षभरात सगळा पोर्टफोलिओ एकदा बदलणाऱ्या, म्हणजे १०० टक्के उलाढालीच्या फंडाला त्यापोटी सुमारे ०.२ टक्के मोजावे लागतात. २० टक्के उलाढाल असेल, म्हणजे शेअर सरासरी पाच वर्षं धरला जात असेल, तर ०.०४ टक्के. बचत झाली ०.१६ टक्क्याची. दलाली आणि मोठ्या ऑर्डरमुळे सरकणारा भाव धरला तर ती वाढते. स्मॉलकॅपमध्ये तर बरीच. तरीही मोठ्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडाचा एक्स्पेन्स रेशो दुसऱ्यापेक्षा एक टक्क्याने जास्त असेल, तर एवढ्या बचतीने तो भरून निघणं कठीण. म्हणून फॅक्टशीटमध्ये उलाढालीचा आकडा पाहून खूश होण्याआधी एक्स्पेन्स रेशोचा आकडा पाहा.

‘वर्षाला एक टक्का म्हणजे काय मोठं?’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. दहा लाख रुपये पंचवीस वर्षांसाठी ठेवले आणि खर्चापूर्वीचा परतावा दरसाल १२ टक्के धरला, तर बिनखर्चाचे १ कोटी ७० लाख होतील. अर्धा टक्का खर्च गेला तर सुमारे १ कोटी ५२ लाख. दीड टक्का गेला तर १ कोटी २१ लाख. म्हणजे एका टक्क्याच्या फरकाने तीस लाखांहून अधिक रक्कम गेली, मूळ गुंतवणुकीच्या तिप्पट. दीर्घकाळ धरून ठेवणाऱ्यालाच शुल्काचा फटका सर्वात मोठा बसतो, कारण चक्रवाढ दोन्ही बाजूंनी काम करते.

जाहीर झालेल्या परताव्यातून एक्स्पेन्स रेशो पुन्हा वजा करण्याची मात्र गरज नाही. एनएव्ही खर्च वजा करूनच निघते.

करसवलतीचा मुद्दा परदेशी लेखांतून जसाच्या तसा उचलला जातो. अमेरिकेत फंडाने शेअर विकून नफा कमावला, तर तो गुंतवणूकदारांना वाटला जातो आणि साध्या खात्यात फंड असेल तर त्यांना त्याच वर्षी कर लागू शकतो; म्हणून तिथे कमी उलाढाल कराच्या दृष्टीने मोलाची. भारतात फंडाच्या आतल्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तुम्ही युनिट्स विकाल तेव्हाच तो लागतो. तेव्हा ‘उलाढाल कमी, म्हणून कर कमी’ हे कारण देऊन कुणी जास्त शुल्क समजावत असेल, तर ते मान्य करू नका.

‘परतावा चांगला आहे, मग शुल्क कशाला बघायचं?’ याचं उत्तर तुलनेत आहे. बाजार वर गेला की बहुतेक फंड वर जातात. विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये साधं गणित मांडलं: सक्रिय गुंतवणूकदारांची एकत्रित सरासरी खर्चाआधी बाजाराइतकीच असते, म्हणून खर्चानंतर ती बाजाराखाली जाणारच. एखादा फंड याला अपवाद असू शकतो, आणि तो त्याच्या शुल्कास पात्रही असतो. पण ते तपासायचं लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी. सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून हीच तुलना बंधनकारक केली आहे. फंडातले बहुतेक शेअर निफ्टी ५० मधलेच आणि जवळपास त्याच प्रमाणात असतील, तर इंडेक्स फंडात स्वस्तात मिळणारी गोष्टच तुम्ही महागात घेत आहात.

शुल्काचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल, तर एकाच योजनेच्या रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनच्या ग्रोथ पर्यायाची एनएव्ही शेजारी ठेवा. १ जानेवारी २०१३ पासून वितरकाविना घेता येणारे डायरेक्ट प्लॅन उपलब्ध आहेत. शेअर तेच, व्यवस्थापक तोच. आज दिसणारी तफावत मुख्यतः कमिशनची. मार्च २०२० च्या पडझडीत तुम्हाला एसआयपी बंद करू न देणारा वितरक असेल, तर त्याचं कमिशन सार्थ आहे असं मी मानतो. फॉर्म भरून दिल्यानंतर ज्याचा फोनही आला नाही, त्याला ते वर्षानुवर्षं देत राहण्याचं कारण नाही.

डायरेक्टमध्ये जाताना एक ध्यानात ठेवा: स्विच ही कराच्या दृष्टीने विक्रीच असते. इक्विटी फंडात एका वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिट्सच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखापलीकडे, २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. एक वर्ष झालं नसेल तर २० टक्के. त्यामुळे आधी नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करा, आणि जुनी युनिट्स एक्झिट लोड संपला की सव्वा लाखाच्या मर्यादेत बसेल अशी दरवर्षी थोडीथोडी हलवा.