30 मिलिअँपिअरचा पहारा

कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. अशा यात्रेत ओल्या जमिनीवरची सोललेली वायर जिवावर बेतू शकते. एमसीबी हा आपोआप बंद होणारा स्विच जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडतो. जीव घ्यायला मात्र अँपिअरचा काही शतांश भाग पुरतो.

एवढी लहान गळती पकडतो तो आरसीसीबी हा गळती-रक्षक स्विच. त्यात फेज आणि न्यूट्रल एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला आणि परतलेला प्रवाह सारखा असेल, तर कड्यातला परिणाम शून्य. शरीरातून वीज जमिनीत गळली, की हा तोल बिघडतो आणि गळती 30 मिलिअँपिअरपर्यंत जाताच क्षणार्धात पुरवठा तुटतो. जुन्या वायरिंगमधली गळती आगीचेही कारण ठरते. तीही तो पकडतो. फेज-न्यूट्रल एकदम धरल्यास मात्र तो वाचवत नाही. म्हणून मंडप असो वा घर, अर्थिंग नीट ठेवा आणि टेस्टचे बटण नियमित दाबून पाहा.