गुपित न फोडता गुपित कसे मोजावे?

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरच्या एखाद्या रेशन दुकानापुढची रांग डोळ्यांसमोर आणा. दुकानदार एक छोटेसे यंत्र पुढे करतो. आजी त्यावर अंगठा टेकवते. अंगठ्याची ठेवण आधारच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. ती जुळली की आजीच्या पिशवीत धान्य पडते. आता सांगा, आजीचा या यंत्रावर विश्वास आहे का?

"आहे म्हणून तर अंगठा लावते!" असे तुम्ही म्हणाल. पण अंगठा लावला नाही तर धान्य अडेल, ही धास्तीही त्यामागे असू शकते. वापर म्हणजेच विश्वास, असे समीकरण मांडता येत नाही. मग लोकांच्या मनातले ओळखायचे कसे? संशोधकांना हाच प्रश्न पडला.

माणसे नवे तंत्र का स्वीकारतात, याचे एक साधे उत्तर फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये मांडले. ते तंत्र उपयोगी वाटले पाहिजे आणि वापरायला सोपे वाटले पाहिजे. पुढे इंटरनेट आणि मोबाइल घरोघर पोहोचले, तेव्हा तिसरी गोष्ट पुढे आली : आपली माहिती कोणाच्या हाती पडेल, ही काळजी. ती खुळी मुळीच नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

ही काळजी मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे लोकांना विचारणे. पण येथे गंमत होते. बर्लिनमधील संशोधकांनी २००१ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात लोकांना आधी त्यांच्या खासगीपणाविषयी विचारले आणि मग संगणकावरील दुकानात खरेदीला बसवले. तेथला यांत्रिक विक्रेता नाना प्रश्न विचारी. "आम्हांला फार काळजी वाटते" म्हणणाऱ्यांनीही त्याला आपली बरीच माहिती देऊन टाकली! समोरचा फायदा लगेच दिसतो, तोटा मात्र दूरचा आणि धूसर असतो.

याच्या उलटही घडते. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील १९९ स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातला फोन अनेक जण हाताळतात, त्यामुळे खासगीपणा ही श्रीमंतांची चैन आहे, असे काही जणींना वाटे. पण या स्त्रिया फोनला कुलूप लावीत, संदेश पुसून टाकीत, काही गोष्टी फोनवर करायचेच टाळीत. शब्द न वापरताही त्या आपला खासगीपणा जपत होत्या.

म्हणजे बोलणे एक, वागणे दुसरे. शिवाय प्रश्नच अडचणीचा असेल तर खरे कोण सांगेल? समजा, तुमच्या वर्गात विचारले, "घरच्या बँकेचा ओटीपी तुम्ही कधी परक्याला सांगितला आहे का?" हात वर करायला कोण धजेल?

यावर एक सुरेख युक्ती आहे. स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सुचवलेल्या पद्धतीचाच हा एक सोपा प्रकार. प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवावे. छापा पडला तर चिठ्ठीवर 'हो' लिहावे. काटा पडला तर खरे उत्तर लिहावे. चिठ्ठीवर नाव घालू नये.

समजा, ४० चिठ्ठ्यांपैकी २६ 'हो' निघाल्या. छाप्यामुळे सुमारे २० जणांनी 'हो' लिहिले असणार. ते वजा करा, उरल्या ६. त्या काटा पडलेल्या २० जणांमधल्या. म्हणजे वर्गातील सुमारे ३० टक्के मुलांनी ओटीपी सांगितला आहे! पण कोणाचीही चिठ्ठी सापडली, तरी तिच्यावरचे 'हो' खरे की छाप्याचे, हे कोणाला कळणार नाही. दर वेळी बरोबर निम्मे छापे पडत नाहीत, म्हणून हे उत्तर अंदाजाचे. चिठ्ठ्या जितक्या जास्त, तितका अंदाज पक्का.

हा केवळ वर्गातला खेळ नव्हे. गूगलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरसाठी याच तत्त्वावर माहिती जमवण्याची पद्धत मांडली.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. हा हक्क जपला तर माहिती मिळणार नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला नाण्याची ही युक्ती सांगा. जेथे गुपित सुरक्षित राहते, तेथेच माणूस खरे बोलतो.

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. आणि घरी गेल्यावर आजीला विचारा, अंगठा लावताना तिच्या मनात काय येते?