भिंतीच्या भरवशावरची खिडकी

इमारतीचं मॉडेल घडवताना : भाग ७

मागच्या भागात आपण टेबल-खुर्चीच्या फॅमिली केल्या. त्या जमिनीवर हव्या तिथे ठेवता येतात. खिडकीला ती मोकळीक नाही. रेव्हिटमध्ये खिडकीची फॅमिली घेऊन कर्सर मोकळ्या जागेत नेला तर ती बसत नाही; भिंतीवर नेला की बसते आणि स्वतःपुरती जागा भिंतीतून कापून घेते. भिंत सरकवली तर खिडकी सोबत सरकते, भिंत पुसली तर तीही जाते. अशी फॅमिली म्हणजे होस्टेड फॅमिली, आणि जिच्या आधाराने ती राहते ती भिंत, छत किंवा स्लॅब हा तिचा होस्ट.

होस्ट कोणता, हे फाइल सुरू करताना निवडलेल्या टेम्प्लेटवरच ठरतं. पुढे ते बदलता येत नाही. वॉल बेस्ड टेम्प्लेटमध्ये केलेली वस्तू उद्या जमिनीवर ठेवायची झाली, तर दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये नव्याने उभी करावी लागते. म्हणून सुरुवातीलाच विचारावं: ही वस्तू बसवायला साइटवर भिंतीत आरपार जागा सोडावी लागते का? दार, खिडकी, व्हेंटिलेटर यांना लागते. त्यांना भिंतच होस्ट हवी. बाकीच्यांचं पुढे बोलू.

आपल्याकडच्या एका साध्या खिडकीचं उदाहरण घेऊ: अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी, चारही बाजूंनी ग्रॅनाइटची पट्टी, वर छज्जा. ‘मेट्रिक विंडो’ टेम्प्लेट उघडलं की नमुन्याची एक भिंत आणि तिच्यात कापलेली जागा आयतीच मिळते. रुंदी, उंची आणि सिलची उंची हे पॅरामीटरही तयार असतात. भिंतीची बाहेरची बाजू कोणती, तेही प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं.

खरं काम आहे भिंतीच्या जाडीचं. ती नमुन्याची भिंत नुसती जागा धरून आहे. प्रोजेक्टमध्ये हीच खिडकी कधी नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या भिंतीत बसेल, कधी साडेचार इंची, ११५ मिलिमीटरच्या. त्यावर प्लास्टरचे थर वेगळे. त्यामुळे ग्रॅनाइटची खोली आकडा टाकून कधीही ठरवू नये. पट्टीचा घन काढावा आणि त्याची एक कड भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठाला, दुसरी आतल्या पृष्ठाला कुलूपबंद करावी. मग भिंत जाड होईल तशी पट्टी आपोआप रुंदावते. चौकटीसाठी एक रेफरन्स प्लेन घ्यावं, बाहेरच्या पृष्ठापासून त्याचं अंतर मोजून त्या मापाला पॅरामीटर जोडावा, आणि चौकट त्या प्लेनला बांधावी. छज्ज्याची सुरुवातही बाहेरच्या पृष्ठापासूनच. तो किती पुढे यावा यासाठी वेगळा पॅरामीटर. छज्जा नको असलेल्या खिडक्यांसाठी हो-नाही स्वरूपाचा दृश्यतेचा पॅरामीटर दिला की एकाच फॅमिलीत दोन्ही प्रकार भागतात.

प्लॅनमध्ये छज्जा तुटक रेषेने दिसायला हवा. त्यासाठी घनाची दृश्यता प्लॅनपुरती बंद करून तिथे सिम्बॉलिक लाइन काढाव्यात आणि त्या छज्ज्याच्याच रेफरन्स प्लेनना बांधाव्यात, म्हणजे माप बदललं की रेषाही हलतील. आणखी एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. रेफरन्स प्लेनच्या गुणधर्मांत ‘वॉल क्लोजर’ नावाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण केली की भिंतीचं प्लास्टर त्या प्लेनपर्यंत आत वळतं, अर्थात त्या भिंतीच्या प्रकारात थर वळवण्याची सोय चालू असेल तर. प्लॅनमध्ये प्लास्टर चौकटीला नीट भिडलेलं दिसतं ते यामुळे.

आता टेम्प्लेटमधल्या भिंतीचा प्रकार बदलून पाहावा: पातळ, जाड, पुन्हा पातळ. ग्रॅनाइट भिंतीबाहेर डोकावलं किंवा छज्जा भिंतीपासून सुटला, तर कुठेतरी कुलूप लावायचं राहिलं आहे. ही तपासणी केल्याशिवाय फॅमिली प्रोजेक्टमध्ये नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

मग स्विचबोर्ड, भिंतीवरचा दिवा, वॉशबेसिन? त्यांना वॉल बेस्ड करण्याचा मोह होतो, कारण तेही भिंतीवरच असतात. पण इमारतीचं काम एका फाइलमध्ये चालत नाही. भिंती आर्किटेक्टच्या फाइलमध्ये असतात; विजेचं काम करणारा ती फाइल आपल्या मॉडेलमध्ये लिंक करून घेतो. लिंकमधली भिंत वॉल बेस्ड फॅमिलीला होस्ट म्हणून चालत नाही, त्यामुळे त्याचा स्विचबोर्ड बसणारच नाही. फेस बेस्ड फॅमिली मात्र कोणत्याही पृष्ठावर बसते: भिंत, छत, उतरतं छप्पर, आणि लिंकमधली भिंतसुद्धा. म्हणून वीज आणि प्लंबिंगच्या वस्तूंसाठी मी फेस बेस्डच सुचवेन.

त्याची जोखीमही माहीत असावी. आर्किटेक्टने लिंकमधली भिंत पुसून नव्याने काढली, तर स्विचबोर्ड जात नाही. आधार सुटून जुन्याच जागी लोंबकळत राहतो आणि त्याच्या होस्टच्या रकान्यात ‘नॉट असोसिएटेड’ दिसतं. असे निराधार घटक ‘रिकन्साइल होस्टिंग’ या सोयीत एकत्र सापडतात. तिथून त्यांना नवं पृष्ठ द्यावं. शिवाय फेस बेस्ड फॅमिलीत व्हॉइड घालून खाच पाडली, तरी ती फक्त स्वतःच्या फाइलमधली भिंत कापते, लिंकमधली नाही. कन्सील्ड बॉक्ससाठीची जागा आर्किटेक्टनेच त्याच्या मॉडेलमध्ये सोडायची असते. त्याला ती नेमकी कशी कळवायची, ते पुढच्या भागात.