पाय, फळी आणि पाचर

'पाचर' या शब्दाला मराठीत फारसे बरे नाव नाही. सुरळीत चाललेल्या कामात कोणी पाचर मारली, की ते काम अडलेच म्हणून समजावे. पंचतंत्रातल्या माकडाने तर अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटली आणि जीवच गमावला. मात्र लाकडी बैठकीला पाय जोडायची वेळ आली, की हीच बदनाम पाचर सर्वांत भरवशाची ठरते. कोकणातल्या आमच्या गावी हे मला जवळून पाहायला मिळाले.

आमच्या वाडीतले सुतार पंचाहत्तरीला आले आहेत. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आपल्याकडचा सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर उकिडवा बसून, लाकूड पायांत धरून काम करीत आला. अण्णांनीही तसेच केले. गावाला देव्हारे दिले, पाट-चौरंग दिले. स्वतःला बसायला काही केले नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी उकिडवे बसायला मनाई केली. काम सोडायचे, की बसून करता येईल असा बाक घडवायचा, एवढाच प्रश्न उरला. शहरात फर्निचरचे काम करणारा मुलगा म्हणाला, "प्लास्टिकची खुर्ची आणून देतो." अण्णा म्हणाले, "अरे, हातात वाकस असताना खुर्ची हलली, तर घाव लाकडावर बसेल की नडगीवर?"

म्हणून बाक घडला. साडेतीन फूट लांब, दहा इंच रुंद आणि दोन इंच जाड फणसाची फळी. सागाचे चार पाय. फळी इतकी जाड कशाला, असे मी विचारले. पायाला धरून ठेवायचे ते भोकाच्या भिंतींनी. फळी पातळ असेल, तर धरायला जागाच उरत नाही, हे त्यांचे उत्तर.

पाय सरळ उभे नव्हते, बाहेर झुकलेले होते. बसणारा पुढेमागे कलला तरी बाक उलटू नये म्हणून. पत्र्याचा एक तुकडा त्या झोकात कापून तो फळीवर उभा धरला आणि त्याच्याकडे पाहत अण्णांनी गिरमिटाने चार भोके आरपार पाडली. भोक खाली किंचित रुंद, वर अरुंद. पायाचे टोकही तसेच निमुळते तासलेले. त्यामुळे कोणी बसले, की त्याच्याच वजनाने पाय भोकात आणखी घट्ट रुततो. खिळ्याचे नेमके उलटे असते. प्रत्येक हादऱ्याने खिळा आपले भोक मोठे करीत जातो.

पाय महिनाभर चुलीवरच्या फळीवर वाळत पडले होते. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. हा फरक पडतो तो मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ नाहीच. ओला पाय बसवला, तर तो वाळून बारीक होतो आणि डुगडुगू लागतो. खडखडीत वाळलेला पाय बसवला, तर हवेतली ओल पिऊन भोकात फुगतो आणि जागा सोडीत नाही. कोकणातला पाऊस असा सुताराच्या मदतीला येतो.

खरी गोम पुढे होती. पायाच्या टोकात करवतीने एक चीर घेतली होती. मोगरीने ठोकून पाय भोकात बसवताना, ती चीर फळीच्या रेषांना आडवी येईल असा अण्णांनी तो फिरवला. मी विचारले, "रेषांच्या दिशेने चीर ठेवली तर?" ते म्हणाले, "साहेब, जळण फोडताना पाचर कशी लावता? रेषांच्या दिशेनेच ना? मग फळीही तशीच फुटेल." चीर आडवी असली, की पाचरीचा दाब फळीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि तिकडे लाकूड सहसा दाद देत नाही. वाळलेल्या शिसवीची पाचर त्या चिरेत ठोकली. ठोक्याचा आवाज बदलला, तसे अण्णा थांबले. वर आलेले टोक करवतीने कापून पटाशीने सारखे केले. शेवटी बाक सपाट फरशीवर ठेवून पायांवर एका उंचीच्या खुणा केल्या आणि त्यांवर तिरके कापले. बाक चारही पायांवर टेकला.

मी आयुष्यभर बँकेत तारण आणि जामीन पाहिले. १९८० पासून देशभर राबवलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कारागिरांना कर्जे दिली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज आहे. चांगलेच आहे. पण चीर कोणत्या दिशेला ठेवायची, हे ज्ञान कुठल्या अर्जात मावणार? ते शेजारी बसूनच घ्यावे लागते. अण्णांच्या मुलानेही त्या दिवशी चौथ्या पायाची पाचर स्वतः ठोकली. अण्णा फक्त आवाज ऐकत होते.

आपल्या घरातले एखादे जुने लाकडी स्टूल डुगडुगत असेल, तर लगेच खिळा ठोकू नये. पालथे करून पाहावे. पाय भोकातून निघत असेल, तर काढून नीट वाळू द्यावा आणि नवी पाचर रेषांना आडवी घालावी. जमत नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्या सुताराला विचारावे. आणि त्याच्याकडे गेलात, तर त्याला बसायला काय आहे, तेही एकदा पाहावे.