‘दरडोई’ उत्पन्न आणि मधला माणूस

ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत अविश्वासाच्या ठरावावर चर्चा चालू असता डॉ. राममनोहर लोहिया यांनी असे विधान केले की, देशातील सत्तावीस कोटी माणसे रोजी तीन आण्यांवर जगतात. पंडित नेहरूंनी त्यास उत्तर म्हणून पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. मागाहून गुलझारीलाल नंदा यांनी सरकारच्या वतीने साडेसात आणे सांगितले. दशमान नाणेपद्धती १९५७ सालीच आली असताही वाद आण्यांतच झाला, याचे भाषेच्या अभ्यासकाला नवल वाटू नये. नाणी बदलली तरी बोलण्यातील मापे रेंगाळत राहतात. आपणांस येथे कर्तव्य आहे ते त्या तीन आकड्यांच्या परस्परसंबंधाशी.

१९६१ च्या जनगणनेप्रमाणे भारताची लोकसंख्या सुमारे ४४ कोटी होती. सत्तावीस कोटी म्हणजे तिच्यातील साठ टक्क्यांच्या आसपास. नेहरूंचा आकडा सर्व लोकसंख्येचा, लोहियांचा खालच्या साठ टक्क्यांचा. आता थोडा हिशेब करून पाहावा. सर्वांची सरासरी पंधरा आणे आणि खालच्या साठ टक्क्यांची तीन आणे मानली, तर वरच्या चाळीस टक्क्यांची सरासरी तेहतीस आणे येते. खालच्यांचे साडेसात आणे धरले, तर वरच्यांचे सव्वासव्वीस आणे होतात. दोन्ही मांडण्या अंकगणितात बसतात. म्हणजे लोहिया आणि नंदा यांच्यात खरा मतभेद होता, आणि तो पुराव्यानेच मिटावयाचा होता. नेहरूंचा आकडा मात्र त्या दोहोंपैकी एकासही खोडून काढीत नव्हता. पंधरा आणे हे उत्तर होते, पण विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते.

हा घोटाळा केवळ संख्याशास्त्राच्या अज्ञानातून होतो असे मला वाटत नाही. त्याचा काही भाग शब्दांनीच घडविलेला आहे. ‘दररोज’, ‘दरमहा’, ‘दरसाल’ या शब्दांत ‘दर’ने प्रत्येक एककाचा बोध होतो: दररोज दूध येते म्हणजे एकेका दिवशी खरोखरच येते. त्याच साच्यात ‘दरडोई’ हा शब्द बसला आहे. म्हणून दरडोई उत्पन्न इतके रुपये असे ऐकताच एकेका डोईला तितके मिळते असा भास होतो. वास्तविक येथे काहीच वाटलेले नसते. एकूण रकमेला डोक्यांच्या संख्येने भागलेले असते, एवढेच. ‘सरासरी’ हा फारसीतून आलेला शब्दही मूळचा ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत’ अशा अर्थाचा आहे. त्याचे विशेषण करून आपण ‘सरासरी माणूस’ म्हणू लागलो की आकड्याला हातपाय फुटतात.

एखाद्या वाड्यातील पाच मिळवत्या माणसांचे मासिक उत्पन्न ८, १०, १२, १५ आणि १०५ हजार रुपये आहे असे समजू. माध्य, म्हणजे नित्याची सरासरी, ३० हजार येते. तिच्या जवळपास मिळविणारा त्या वाड्यात कोणीच नाही. पाचांना चढत्या क्रमाने उभे केले तर मधोमध येणाऱ्याचे उत्पन्न १२ हजार, हा मध्यक. पाचव्याचे उत्पन्न दुप्पट झाले की माध्य ५१ हजारांवर जाते आणि मध्यक जागचा हालत नाही. माध्य आणि मध्यक ही पारिभाषिक नावे एकाच धातूतून ओढून काढल्यासारखी शेजारी ठेवण्यात परिभाषाकारांनी विद्यार्थ्यांवर उपकार केले असे म्हणवत नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हाच प्रकार शब्दांच्या वारंवारतेत भेटतो. मोठ्या लेखसंग्रहात सुमारे निम्मे शब्द एकदाच आलेले असतात, आणि ‘आहे’, ‘आणि’ यांसारखे मूठभर शब्द सरासरीला कितीतरी वर ओढून नेतात. शब्दाची सरासरी वारंवारता सांगून कोणी नेहमीच्या शब्दाचे वर्णन करू लागला तर आपण त्याला थांबवू.

एवढ्यावरून मध्यकालाच सत्य मानावे असे मात्र नव्हे. वरच्या उदाहरणात ८ आणि १० हजारांचे ४ आणि ५ हजार झाले, तरीही मध्यक १२ हजारच राहतो. सर्वांत खालच्या माणसांची दैना मध्यकाला दिसत नाही, आणि लोहियांचा प्रश्न तर त्यांच्याचविषयी होता. अशा प्रश्नाला खालच्या गटाचा स्वतंत्र आकडाच लागतो.

शिवाय माध्य मिळविणे सोपे आहे, मध्यक मिळविणे कठीण. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की माध्य हाती येते. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात माणशी वर्षाला वीस रुपयांचा अंदाज काढला तो याच वाटेने. मध्यकासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते. शेतकऱ्याचे, किरकोळ दुकानदाराचे उत्पन्न त्याला स्वतःलाही नेमके सांगता येत नाही, आणि धनिक सहसा पुरते सांगत नाही. म्हणून १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने दीर्घकाळ उत्पन्नाऐवजी कुटुंबाच्या खर्चावर भर दिला. खर्च म्हणजे मिळकत नव्हे: गरीब कर्ज काढून खातो, श्रीमंत शिल्लक टाकतो. त्यामुळे खर्चातील विषमता मिळकतीतील विषमतेहून कमी दिसते. २०१७ पासून चालू असलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात मिळकत विचारली जाते, आणि तिच्यावरून मध्यक काढता येतो. परंतु तो काम करणाऱ्यांचा असतो, घरातील खाणाऱ्या तोंडांचा नव्हे.

‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या वार्षिक प्रकाशनातील जिल्हावार दरडोई उत्पन्नाचे कोष्टक वाचतानाही हा भेद सांभाळावा लागतो. त्या कोष्टकाचा पाया जिल्ह्यात निर्माण झालेल्या मूल्याचा असतो, आणि कंपन्यांचा नफाही त्यातच येतो. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कारखान्यातील नफ्याचे धनी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशातही असू शकतात. भागाकार करताना मात्र तो नफा त्याच जिल्ह्यातील डोक्यांवर मांडला जातो.