फाशीचा कैदी आणि न्याय्य सुनावणीचा हक्क

फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला कसले आले हक्क, असा प्रश्न सहज विचारला जातो. २००६ च्या खैरलांजीची जखम उराशी बाळगणाऱ्या आपल्या समाजात तर तो स्वाभाविकच आहे. परंतु शिक्षा खऱ्या गुन्हेगारालाच झाली की नाही, हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे न्याय्य सुनावणी. म्हणून हा विषय आपण समजून घेतला पाहिजे.

संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करणे या देशाला उचित ठरेल, असे मत मांडले होते. शिक्षा मात्र कायद्यात कायम राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात कलम १४ आहे. आरोप समजेल अशा भाषेत सांगणे, बचावासाठी वेळ व वकील देणे, साक्षीदारांची उलटतपासणी करू देणे आणि वरच्या न्यायालयात दाद मागता येणे, हे हक्क त्यात आहेत. भारत १९७९ साली या करारात सामील झाला.

आपल्या सांगलीत जन्मलेले, नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावली. ती एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाली. भारतीय वकिलातीला त्यांची भेटही घेऊ दिली नव्हती. भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरले व शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. सुटकेची मागणी मात्र फेटाळली. निकाल वकिलातीविषयीच्या व्हिएन्ना करारावर होता. कलम १४ त्या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत आले नाही.

युरोप, अमेरिका व आफ्रिका खंडांत मानवी हक्क न्यायालये आहेत. आफ्रिकी न्यायालयाने २०१९ साली टांझानियातील सक्तीची फाशी हक्कभंग ठरवली. आशियात असे न्यायालय नाही. व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरारही भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपल्याकडील कैद्याचा शेवटचा न्यायालयीन दरवाजा सर्वोच्च न्यायालयाचाच.

तेथेही चूक होते. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या दरोडा व खून प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसरेच चार इसम ओळखले होते, तो धागा तपासात सोडून दिला गेला होता. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला; तुरुंगात गेलेली वर्षे कोण भरून देणार? फाशी आधीच अमलात आली असती, तर हा निकाल ऐकायला ते उरलेच नसते.

ते सहाही जण गरीब होते, हे आपण विसरू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व कोठडीतील माणसे यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कळंब तालुक्यातील सभासदांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी आणि आपल्या विद्यार्थ्यांनी कायद्याच्या शिक्षणाकडे वळावे. अंगुलिमालालाही बदलण्याची संधी देणाऱ्या तथागतांच्या धम्मात न्यायाबरोबर करुणेलाही जागा आहे.